रविवारी चहा, मग कविता

रविवारी चहाला जमायचं आणि नवी कविता एकमेकांना म्हणून दाखवायची. पुण्यातल्या या बैठकीला आधी ‘सन-टी क्लब’ म्हणत. १९२३ पासून मराठी वाचक तिला ओळखतो ते रविकिरण मंडळ म्हणून.

(दृश्य: मंडळातल्या कवींची जुनी छायाचित्रं)

हे माधव त्रिंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक, म्हणजेच माधव ज्यूलियन. हे यशवंत, हे गिरीश. श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, मंडळातल्या एकट्या कवयित्री. वि. द. घाटे. शिवाय पुढे ज्यांचं नाव गद्यानंच झालं असे दोघे: नाट्यछटाकार दिवाकर आणि ग. त्र्यं. माडखोलकर. कवींच्या घोळक्यात असा गद्याचा कान हवाच. तो नुसत्या यमकाला भुलत नाही.

कविता चारचौघांत म्हणायची रीत काही या मंडळींनी सुरू केली नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलानं कविता म्हटली आणि तिथून तो ‘बालकवी’ होऊनच परतला. पण संमेलन वर्षाकाठी एकदा. इथे दर आठवड्याला तेच चेहरे समोर. मागच्या खेपेची कविता त्यांच्या लक्षात असते, तीच उपमा पुन्हा आली तर पकडली जाते. ‘वा’ म्हणणारे पुष्कळ मिळतात हो, ‘हे कडवं काढून टाक’ म्हणणारा मिळत नाही.

माधवरावांनी मराठीत गझल रुजवली. गझल ऐकवायला मैफलच लागते, कारण शेराला दाद तिथल्या तिथे यावी लागते. मंडळातल्या कवींनी मग सभांमधून चालीवर कविता गायल्या आणि काव्यगायनाचं वेड महाराष्ट्रभर पसरलं.

लोकप्रियतेची किंमतही लगेच मोजावी लागली. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबन-कवितांचा संग्रह आला. केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे, यांनी या कवींच्या लकबी अशा हुबेहूब उचलल्या की वाचक हसून बेजार झाले. मला तरी यात मंडळाचा मानच दिसतो. ज्याची लकब कुणाला ठाऊकच नाही, त्याचं विडंबन कोण करणार?

(दृश्य: व्यासपीठ, ध्वनिक्षेपक)

पुढच्या पिढीनं चाल सोडली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर तिघं मिळून गावोगावी गेले. गायचं नाही, कविता नुसती वाचायची. तरी सभागृहं भरत.

आजच्या काव्यवाचनात गर्दी असते ती कवींचीच. प्रत्येकाला एक कविता, आणि प्रस्तावना कवितेपेक्षा लांब. सूत्रसंचालक घड्याळाकडे बोट दाखवून थकतो. आपली वाचून झाली की पुष्कळ जण चप्पल शोधायला लागतात. म्हणून तर अनुभवी संयोजक अध्यक्षांची कविता शेवटी ठेवतात.