कूलंट, ब्रेक ऑइल कमी झालंय? ओतायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! आज थेट बोनेट उघडूनच बोलू, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आणि ब्रेक ऑइल, या दोन बाटल्यांबद्दल. सकाळचे सात वाजलेत, गाडी रात्रभर अंगणात उभी होती, इंजिन गार आहे. गरम इंजिनावर हे करायचं नाही, का ते सांगतोच.

मागच्या मे महिन्यात आम्ही वणीला, सप्तशृंगी गडावर निघालो होतो. आदल्या दिवशी बघतो तर कूलंट बाटलीवरच्या मिनच्या, म्हणजे कमीत कमी लेव्हलच्या रेघेखाली. टाकलं आणि निघालो. त्या महिन्यातलं ते तिसऱ्यांदा टाकणं होतं, आणि तिन्ही वेळा मी स्वतःवर खूश! नांदुरी सोडली, गडाचा घाट लागला, गाडीत पाच जण, एसी फुल. अर्ध्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला. दोष निघाला खालच्या होज पाइपच्या क्लिपचा. ती सैल होती. कूलंट थेंबथेंब यायचं आणि गरम पाइपवरच वाळायचं, म्हणून अंगणात कधी डाग दिसलाच नाही. कॅमेरा जरा खाली घे रे... हा जो पांढरट-हिरवा थर दिसतोय ना जोडावर, तो आपण नेहमी धूळ समजतो.

कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते बंद नळीत फिरतं. वर्षभरात लेव्हल नखभर उतरली तर ठीक, महिन्याला उतरत असेल तर ते कुठेतरी जातंय. होज, रेडिएटर, वॉटर पंप बघून घ्या. बाहेर कुठेच ओल नसेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर ते इंजिनाच्या आत जातंय. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

आता टाकायचं कसं? गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गार. कूलंटच्या टोपीवर फडकं ठेवून हळूहळू फिरवा. आत दाब असतो आणि त्या दाबामुळे कूलंट सव्वाशे अंशाच्या आसपासही उकळत नाही. गरम असताना टोपी काढली की दाब जातो, त्याच क्षणी ते उकळून तोंडावर येतं. मिन आणि मॅक्सच्या मध्ये लेव्हल आली की थांबा.

काहीजण म्हणतात, कूलंट गोठू नये म्हणून असतं, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, साधं पाणी चालेल की. निफाडचा पारा थंडीत घसरतो हे खरं, पण मुद्दा तो नाहीच. कूलंटमुळे उकळण्याचा अंश वाढतो आणि आतला गंज थांबतो. बोअरचं पाणी ओतलंत तर पातेल्याच्या बुडाला बसतो तसा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं दाट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर तसंच. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. आणि सांडलेलं लगेच धुवा. चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

आता ही दुसरी छोटी बाटली, ब्रेक ऑइलची. इथे बरेचजण फसतात. लेव्हल हळूहळू उतरली तर बहुतेक वेळा गळती नसते, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दाबून धरणारे ब्रेक पॅड झिजलेले असतात. पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन पुढे सरकतो आणि बाटलीतलं तेल तिथे जाऊन भरतं. तुम्ही वरून ओतलंत की पॅड संपत आल्याची खूण पुसली गेली! नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच तेल बाटलीबाहेर येतं आणि रंग खातं. लेव्हल एकदम उतरली असेल तर मात्र गळती समजा आणि गाडी जागची हलवू नका.

पायालाही कळतं. पेडल आधीपेक्षा खोल जातंय, स्पंजसारखं लागतंय, तर लाइनमध्ये हवा असेल किंवा तेल जुनं झालं असेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, अडकला असेल. पेडल थरथरत असेल तर डिस्क बघा. इगतपुरीला पावसात रात्रभर उभ्या केलेल्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, तो नुसता डिस्कवरचा गंज, लगेच जातो.

गड उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल अजिबात नको. खाली नांदुरीला येऊन चाकाशी जळका वास आला, तर सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास चहा घ्या. बाटलीतलं गार पाणी त्या तापलेल्या डिस्कवर ओतू नका, डिस्क वाकडी होते.