पलटण आणि पेढी : दीर्घ आयुष्याची नोंद कशी करावी

मंडळी, तरुणपणी सैन्यात लढलेला आणि पुढे पेढी चालवलेला, नव्वदी ओलांडलेला माणूस जातो, तेव्हा श्रद्धांजलीच्या भाषणांत बहुधा दोनच टोकं येतात : तरुणपणी लढलेलं युद्ध आणि अखेरची आजारपणाची वर्षं. मधली चाळीस वर्षं, ज्यांत त्याने रोज पेढी उघडली, ती ‘कष्टाने धंदा वाढवला’ एवढ्यावर आटोपतात. हा त्या माणसावर अन्याय आहे. ती वर्षं परत मिळवता येतात, कारण व्यापारी माणूस आठवणींपेक्षा कागद जास्त ठेवतो.

सुरुवात तक्त्याने करा. चार रकाने : साल, वय, घटना, आधार. वयाचा रकाना कुणी वगळू नका, चुका तिथेच पकडल्या जातात. चौदाव्या वर्षी भरती दिसली तर साल चुकलेलं असेल, किंवा भरतीच्या वेळी वय वाढवून सांगितलेलं असेल. असं सर्रास घडत असे. म्हणून लष्कराच्या कागदावरची जन्मतारीख आणि जन्मदाखल्यावरची तारीख जुळली नाही, तर दोन्ही लिहा. आधाराच्या रकान्यात कागद, त्या माणसाचं स्वतःचं सांगणं आणि इतरांचं सांगणं, हे तिन्ही वेगळं ठेवा.

सैन्याचे घरातले कागद आधी जपा. सरकारदरबारी सगळं असेलच, असं धरून चालू नका. अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी सेवा-फायली गेल्या. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त नोंदी १९४० च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाल्या. घरातला निवृत्तीचा दाखला कधीकधी एकमेव पुरावा असतो. त्यावरचा सेवा क्रमांक आणि पलटणीचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. एकाच नावाची दहा माणसं असू शकतात, क्रमांक मात्र शोधाला नेमकी दिशा देतो.

पदकं घासून चकाकवू नका. नाव कोरलेलं असलं तर ते बहुधा कडेवर असतं आणि पॉलिशने झिजतं. नाव नसलं म्हणून पदक खोटं ठरत नाही : दुसऱ्या महायुद्धातली मोहीम-पदकं ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली, ऑस्ट्रेलियन सैनिकांना नाव कोरून. फोटोत पदकं छातीच्या उजव्या बाजूला दिसली, तर फोटो उलटा छापलेला आहे का ते बटणांवरून पाहा. नसेल तर ती वडिलांची किंवा आजोबांची असू शकतात. वारसांनी पदकं उजवीकडे लावण्याची रीत काही देशांत आहे.

आता पेढी. इथे घाई नको. भागीदारीपत्र सांगतं भांडवल कुणाचं आणि किती. पगारपत्रक सांगतं मंदीच्या वर्षी किती माणसं कमी केली, की एकही केलं नाही. खतावणीतली बुडीत उधारी पाहा : कोणत्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं मुदत वाढवून दिली, यातून माणसाचा स्वभाव भाषणांपेक्षा स्पष्ट दिसतो. एक सापळा मात्र आहे. हिशेबाचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष वेगळं असेल, तर सालं एकाने सरकतात, म्हणून व्यवहाराची तारीखच घ्या. मुलांकडे कारभार कधी गेला हे घरात विचारलं, तर समारंभाची तारीख सांगतात. खरं उत्तर बँकेच्या सह्यांच्या अधिकारपत्रात आणि चेकबुकाच्या स्थळप्रतींत असतं. पुष्कळदा मधे पाच-सात वर्षांचं अंतर निघतं, आणि बाप-लेकांची ओढाताण त्याच काळातली असते. ती लिहा. बंद पडलेली शाखा, फसलेली भागीदारीही लिहा. पण फुटून गेलेल्या भागीदाराच्या घरच्यांना छापण्याआधी मजकूर दाखवा.

माणूस हयात असेल तर ध्वनिमुद्रण आजच सुरू करा. एका बैठकीत पाऊण तास पुरे. समोर एक फोटो किंवा एक वही ठेवा आणि ‘युद्ध कसं होतं?’ असं न विचारता ‘सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं?’ असं विचारा. मोघम प्रश्नाला शंभरदा सांगून गुळगुळीत झालेला किस्साच परत येतो. लढाईच्या आठवणीपाशी ते थांबले तर टोकू नका, विषय पेढीकडे वळवा. फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

सभेत वाचायचा मजकूर पाचशे शब्दांवर जाऊ देऊ नका, सावकाश वाचायला तेवढ्याला पाच मिनिटं लागतात. छापण्याआधी तो पेढीतल्या सर्वांत जुन्या कामगाराकडून तपासून घ्या. माणसांची नावं आणि यंत्रं कधी आली ते त्याला घरच्यांपेक्षा अचूक ठाऊक असतं.