खुफूच्या नावाजवळचा ओरखडा

इजिप्तमधील गिझा येथे, प्राचीन राजा खुफूच्या पिरॅमिडमधील त्याच्या दफनकक्षावर, एकावर एक अशा पाच बुटक्या पोकळ्या आहेत. पर्यटकांना तेथे जाऊ देत नाहीत. २०१३ मध्ये काही हौशी जर्मन संशोधक केवळ पाहणीच्या परवानगीवर तेथे पोहोचले, तेथे लाल रंगात लिहिलेल्या राजाच्या नावाजवळचा रंग त्यांनी खरवडला आणि ते कण इजिप्तबाहेर नेले. २०१४ मध्ये हे नमुने इजिप्तला परत मिळाले आणि कैरोतील न्यायालयाने तीन जर्मन नागरिकांना त्यांच्या गैरहजेरीत पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली.

पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते २५०० या काळातील खुफूचा नसून त्याहून कितीतरी प्राचीन आहे, अशी या मंडळींची धारणा होती. तिच्या आड येत होते ते हेच लाल रंगातील नाव. पाचपैकी वरच्या चार पोकळ्या ब्रिटिश अधिकारी हॉवर्ड व्हाइस याने १८३७ मध्ये सुरुंगाच्या दारूने वाट फोडून उघडल्या. ही पद्धत आज ऐकतानाही अंगावर काटा येतो. पण त्याने हे नाव स्वतःच रंगवले, हा पुढे झालेला आरोप टिकत नाही. हे नाव कामगारांच्या टोळ्यांनी शिळांवर काढलेल्या खुणांमध्ये येते; त्या खुणांपैकी काही उलट्या आहेत, तर काही दोन शिळांमधील सांध्यात शिरलेल्या आहेत. शिळा एकदा बसवल्यावर तेथे कुंचला पोहोचणे शक्य नाही.

खरवडलेल्या रंगातून तरी काय सिद्ध होणार होते? हा रंग गेरूचा, म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेल्या मातीचा. वय ठरवण्याच्या कार्बन-१४ पद्धतीला एके काळी सजीव असलेल्या वस्तूतील कार्बन लागतो आणि तो या खनिजात नसतो. शिवाय नमुना नेमका कोठून, कोणाच्या देखरेखीखाली आणि कशा रीतीने घेतला याची विश्वासार्ह नोंद नसेल, तर प्रयोगशाळा कितीही नामांकित असली तरी तिच्या निष्कर्षाला आधार उरत नाही.

पिरॅमिडचे वय तपासू नये, असे कोणीच म्हणत नाही. १९८४ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये रीतसर परवानगीने, दगडांमधील चुन्यासारख्या लेपातून कोळशाचे कण गोळा करण्यात आले. पहिल्या खेपेची वर्षे प्रचलित कालगणनेपेक्षा सरासरी पावणेचारशे वर्षांनी जुनी आली, तर दुसऱ्या खेपेची शंभर ते दोनशे वर्षांनी. हा फरक संशोधकांनी लपवला नाही. लेपासाठी जिप्सम भाजताना जुने लाकूडही जाळले गेले असावे, असे स्पष्टीकरण त्यांनी मांडले. या फरकावर आजही चर्चा होऊ शकते, कारण नमुन्यांच्या जागा नोंदलेल्या आहेत. आणि हे फरक जसेच्या तसे धरले तरी पिरॅमिड हजारो वर्षे मागे जात नाही.

योगायोग असा की, त्याच २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल-जर्फ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला खुफूच्या काळातील पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीपासून बनवलेल्या कागदावरील लेख, सापडले. त्यांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणींतून काढलेला चुनखडीचा दगड आपली टोळी होड्यांतून गिझापर्यंत कशी पोहोचवत होती, याच्या नोंदी त्याने खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळात केल्या आहेत, आणि कामावर देखरेख करणारा म्हणून खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचे नावही तेथे लिहिलेले आहे.