मुक्तद्वाराजवळचं टेबल

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या गावातलं कुठलंही जुनं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. पुस्तकांची देवघेव आतल्या खोलीत चालते. तिथे वर्गणी लागते, अनामत लागते. बाहेरच्या पडवीत मात्र उतरत्या लाकडी फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली असतात आणि तिथे कुणीही यावं, उभ्या उभ्या वाचावं, निघून जावं. या पडवीला आपल्याकडे फार सुरेख नाव आहे, मुक्तद्वार वाचनालय. तिथे नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, ‘काय काम आहे?’ असंही विचारत नाहीत. आज मी बोलणार आहे ते या पडवीबद्दल. पुस्तकप्रेमींनी रागावू नये.

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. आमच्या मुलामुलींना आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला जावं लागतं. कुणी रुग्णालयात जातं, कुणी वस्तीत, कुणी कौटुंबिक न्यायालयात. एका वर्षी जागा कमी पडल्या म्हणून, खरं सांगते, अगदी नाइलाजानं, दोघींना मी एका सार्वजनिक वाचनालयात धाडलं. कार्यकारिणीला कोण उत्साह! त्यांनी पाटीच रंगवून घेतली, ‘समस्या निवारण कक्ष’. तीन आठवडे त्या पाटीखाली दोन मुली आणि एक पंखा, एवढंच होतं. लहान गाव ते. त्या पाटीखालच्या खुर्चीवर बसायचं म्हणजे आपल्या घरात काहीतरी बिनसलंय हे चारचौघांत जाहीर करायचं. कोण बसणार?

मग पाटी उतरवली. टेबल उचलून वर्तमानपत्रांच्या फळीशेजारी आणलं. त्यावर दोन पेनं, कोरे कागद, गोंदाची बाटली आणि एक स्टेपलर ठेवला. पहिले आले ते एक आजोबा. स्टेपलर मागायला.

त्यांच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता, आधार, पासबुक, रेशनकार्ड. श्रावणबाळ योजनेचे पैसे दोन महिने आले नव्हते. मुलीनं कागद टाचता टाचता पासबुक पाहिलं आणि सहज विचारलं, “आजोबा, आधार कुठल्या खात्याला जोडलंय?” आधार जोडलं होतं जुन्या खात्याला, जे कधीचं बंद पडलेलं. एवढीच गाठ होती. ती सोडवायला बँकेत दोन खेपा झाल्या, ती गोष्ट वेगळी. मी नंतर त्यांना म्हटलं, “सरळ तहसीलला का नाही गेलात?” म्हणाले, “गेलतो की. तिथं खिडकीत तोंड घातलं की आधी विचारत्यात, काय पायजे? आन् मला काय पायजे तेच मला सांगता येईना. हितं कुनी इचारत न्हाई.”

आमच्या अख्ख्या अभ्यासक्रमात मला हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

ही कल्पना आमची, असं मात्र समजू नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयानं 2009 साली पूर्णवेळ समाजसेविका नेमली, लिया एस्गुएरा. त्या देशातली ही अशी पहिली नेमणूक मानतात. हे ग्रंथालय टेंडरलॉइन नावाच्या गरीब वस्तीला लागून आहे आणि शहरात बेघरांची संख्या मोठी. दिवसभर छप्पर, स्वच्छतागृह, ऊब आणि कुणी हाकलणार नाही अशी खुर्ची त्यांना फुकट कुठे मिळणार? ग्रंथालयातच. एस्गुएराबाई खोलीत बसून राहत नाहीत, मजल्यामजल्यांवर फिरतात. त्यांच्या हाताखाली जे सहायक घेतले, ते स्वतः कधीकाळी बेघर राहिलेले. त्यांना त्याचे पैसे मिळतात. आंघोळीची सोय कुठे, आज रात्री निवारा कुठे, हे पुस्तकी माणसापेक्षा तेच नीट सांगणार. मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती ही गोष्ट.

त्याच्या आधीचा इतिहास एवढा गोड नाही. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन गावी रिचर्ड क्रायमर नावाच्या बेघर वाचकावरून खटला उभा राहिला. अंगाला वास येतो, वाचत नाही, लोकांकडे टक लावून बघतो, अशांना बाहेर काढण्याचे नियम ग्रंथालयानं केले होते. 1991 साली खालच्या न्यायालयानं ते नियम रद्द केले. 1992 साली वरच्या न्यायालयानं ते पुन्हा ग्राह्य धरले, पण जाता जाता हेही सांगितलं, की सार्वजनिक ग्रंथालयातून माहिती मिळवणं हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. आपल्याकडे ‘येथे झोपू नये’ अशी पाटी असते ना, तिची ही मोठी बहीण.

आणि दुसरं टोकही बघा. फिलाडेल्फियातल्या मॅकफर्सन चौकाच्या ग्रंथालयात 2017 च्या सुमारास ग्रंथपालांना अमली पदार्थांच्या अतिसेवनानं बेशुद्ध पडलेल्यांना औषध देऊन शुद्धीवर आणायची वेळ आली. त्यांनी ते केलं, त्यांना नमस्कार. पण हे ग्रंथपालाचं काम नव्हे. आपल्याकडे ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात खालच्या वर्गाच्या, वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई तुटपुंज्या पैशांत झाडलोट, नोंदणी, अनुदानाची कागदपत्रं असं सगळं एकटीनं ओढतात. समुपदेशनही तुम्हीच करा, असं त्यांना सांगायला मी जाणार नाही. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवावं, एवढं पुरे.

बोट दाखवण्यावरून आठवलं. त्याच वाचनालयाला वर अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं पहाटेपासून जागा धरतात. एक मुलगा डबा घेऊन यायचा, पुस्तक उघडून बसायचा. एक दिवस शिपाईमामा आमच्या मुलीपाशी येऊन हळूच म्हणाले, “ताई, खिडकीजवळच्या पोराचं पान आठ दिवस झाले उलटलं न्हाई. डबाबी तसाच परत नेतोय.” वयाची मर्यादा जवळ आलेली, घरी कळवलेलं नाही, नेहमीची गोष्ट. मुलगी त्याच्याशी परीक्षेबद्दल बोललीच नाही, डब्याबद्दल बोलली. चार दिवसांनी त्यानंच मदतीचा फोन नंबर मागितला. पुढचं मी सांगणार नाही, ते त्याचं आहे.

तो नंबर मात्र सगळ्यांसाठी आहे. पेन्सिल घ्या, सावकाश सांगते. मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानस, 14416. म्हाताऱ्या माणसांसाठी 14567. अडचणीतल्या मुलांसाठी 1098. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100, आणि स्त्रियांना ही मदत उत्पन्न कितीही असलं तरी मिळते, हे 1987 च्या कायद्यात आहे. फार थोड्या जणींना ठाऊक असतं. पुन्हा एकदा. 14416. 14567. 1098. 15100.

महाराष्ट्रात 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज हजारो गावांत वाचनालयं आहेत. राज्यात समाजकार्याची महाविद्यालयंही कमी नाहीत. दोघांनी एकमेकांचं दार अजून नीटसं वाजवलेलं नाही. माझ्यासारख्या एखाद्या शिक्षिकेला जागा कमी पडल्यावरच ते सुचावं, हे काही बरं नाही.

त्या दोघींपैकी एक पुढे मला म्हणाली, “मॅडम, ज्या दिवशी टेबलापाशी कुणीच येत नाही, त्या दिवशी क्षेत्रकार्याच्या वहीत लिहू काय?” मी म्हटलं, जे दिसलं ते लिही. तिची एका दिवसाची नोंद माझ्याकडे आहे, तेवढी वाचते.

“सकाळी दहा ते एक. कुणी आलं नाही. स्टेपलरच्या पिना संपल्या. आजोबा चष्मा विसरले होते. अग्रलेख मी वाचून दाखवला. त्यांना पटला नाही.”

नमस्कार.