कुर्ल्याच्या पद्मिनीचे दिवे

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पण ही बघा, ही आमची घरची, पांढऱ्या पाटीची. कुर्ल्यातच बनलेली, आता लालबागला चाळीच्या आवारात उभी असते. इंजिन अजून मस्त आहे हो, पण रात्री दिवे लावले की नुसता पिवळट उजेड, पावसात तर खड्डा चाक आत गेल्यावरच कळायचा.

जो तो सांगायचा, नव्वद-शंभर वॅटचे बल्ब टाक. बाबा म्हणाले, "थांब, आधी मीटर लाव."

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा मल्टिमीटर. इंजिन बंद, दिवे चालू. बॅटरीवर १२.२ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर १०.६! दीड व्होल्टच्या वर वाटेतच गायब, आणि हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळपास तीस टक्के पडतो. दोन्ही डिपरचा, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताचा, मिळून नऊ-एक अँपिअर करंट बॅटरीपासून स्विचपर्यंत जायचा, तिथून परत पुढे यायचा, तोही जुन्या बारीक वायरीतून. दहा मिनिटांत स्विच हाताला गरम लागायचा. अशात शंभरचे बल्ब टाकले असते तर होल्डरच वितळला असता.

मग दोन रिले लावले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, एक अप्परला (लांबच्या झोताला), एक डिपरला. जुनी वायर काढलीच नाही, ती आता फक्त रिलेला चालू-बंद करते, खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमधून नव्या जाड वायरने, अडीच स्क्वेअर एमएमच्या, थेट बल्बला. काम करताना बॅटरीची मायनस आधी काढायची हां, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर मध्येच घासून बॉडीला टेकली तर आग लागते, इथे आळस चालत नाही.

आणि हा स्क्रू बघा, अर्थिंगचा, वायर बॉडीला जोडणारा. समुद्राची खारी हवा, लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीवर, हिरवा थर चढलेला, खाली गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, घट्ट आवळला, वरून ग्रीस.

संध्याकाळी परत मीटर लावला. होल्डरवर ११.९. बल्ब तेच जुने, साठ-पंचावन्नचे, पण समोरच्या भिंतीवरचा मंडळाचा पुसट झालेला बोर्ड अक्षर न् अक्षर वाचता येत होता. बाबांनी स्विचला हात लावून बघितला, गार.

"चल," म्हणाले, "पावसाच्या आधी वायपरच्या मोटरची अर्थिंग पण बघून टाकू."