नववी मात्रा

[दृश्य: ग्वाल्हेर, लष्कर. जुन्या वाड्यातली माडीवरची खोली. मुलीचा हात मांडीवर.]

निवेदन:
तिलवाडा. सोळा मात्रांचा ताल, ग्वाल्हेरच्या बड्या ख्यालाचा, म्हणजे संथ लयीतल्या गायकीचा, लाडका. पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची. नववी खालीची: तिथे हात आपटायचा नाही, नुसता हवेत उलटायचा. इथल्याच वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला. तेव्हाही ताल असाच हातावर धरला जात असणार.

पण ह्या मात्रा मोजतं कोण? उजेडाला डोळा आहे, आवाजाला कान. वेळेला इंद्रियच नाही.

[दृश्य: गच्चीच्या कठड्यावर माकड.]

हे लाल तोंडाचं, आपल्या वाळवणावर डोळा ठेवणारं माकड. ह्याच जातीच्या माकडांना मेक्सिकोत ऊगो मर्चंट यांच्या प्रयोगशाळेत ठेका धरायला शिकवलं. टिकटिकीबरोबर बटण दाबायचं. मग टिकटिक बंद होते, आणि तीच लय आणखी तीन वेळा स्वतःच्या बळावर राखायची. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी अर्ध्या सेकंदाहून कमी, कधी पुरा सेकंद.

त्या वेळी मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीलगत, हालचाल आखणाऱ्या भागात, काही पेशी मागचा ठोका पडून किती वेळ झाला ते सांगत होत्या, तर काही पुढच्याला किती उरला ते. म्हणजे ज्या भागानं हात हलवायचा, तोच वेळही राखतो.

[दृश्य: पडद्यावर एक वर्तुळ उमटतं.]

अशा अनेक पेशींचं कमीजास्त चेतणं एकत्र आलेखावर मांडलं, की वर्तुळ दिसतं. प्रत्येक ठोक्याला एक फेरा. लय संथ केली, तर फेऱ्याचा वेग जवळपास तोच राहतो. वर्तुळ मोठं होतं. अमेरिकेत मेहरदाद जझायेरी यांच्या प्रयोगात, काम वेगळं होतं तेव्हा, उलट झालं: आलेखावरची वाट तीच राहिली आणि वेग बदलला. हे वाचताना आवर्तन, म्हणजे तालाचा एक पुरा फेरा, हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

एक फरक मात्र आहे. माकडाचं बोट साधारणपणे टिकटिकीच्या मागून पडतं. माणसाचं किंचित आधी, सेकंदाच्या काही शतांशांनी. आपण ठोक्याची वाट पाहत नाही, त्याला गाठायला जातो. अर्थात बक्षिसाची पद्धत बदलली, तेव्हा माकडांनाही हे जमू लागलं!

आणि हात हलायलाच हवा असं नाही. माणसांना स्कॅनरमध्ये निश्चल झोपवून नुसता ठेका ऐकवला, तरी हालचालीचे हेच भाग आणि मेंदूच्या खोलातला पुटामेन नावाचा भाग जागे होतात.

[दृश्य: स्वयंपाकघर. आजी मेथी निवडतेय. वरून मुलीचा आवाज: सात, आठ, नऊ...]

आजीची बोटं थांबत नाहीत. मान वर होत नाही.

आजी: नववी लवकर आली गं! पहिल्यापासून घे.