सहा पालथे पत्ते

श्रोतेहो, नमस्कार.

पत्त्यांचा डाव म्हटला की जो जास्त गुण मिळवेल तो जिंकला, असं आपण गृहीतच धरतो. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्यात गंगा उलटी वाहते. ज्याच्या नावापुढे सर्वांत कमी आकडा, तो जिंकला. मैदानावरच्या गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो वरचढ ठरतो, म्हणून या खेळाचं नावही गोल्फ. खऱ्या गोल्फमध्ये १८ खड्डे असतात, इथे एक डाव म्हणजे एक खड्डा. घरात ९ डाव पुरेत. १८ खेळायला बसलात तर धाकटी मंडळी मध्येच उठून जातील.

गोल्फची चित्रं छापलेले खास कॅट बाजारात मिळतात. हौस असेल तर घ्या, पण ५२ पत्त्यांचा साधा कॅट, एक कागद आणि पेन्सिल एवढ्यावर काम भागतं. चार जणांपर्यंत एक कॅट चालतो, त्याहून जास्त भिडू असतील तर दोन कॅट एकत्र पिसा.

आता मांडणी. प्रत्येकाला सहा पत्ते पालथे वाटायचे. न बघता ते आपल्यासमोर तीन-तीनच्या दोन ओळींत लावायचे. म्हणजे वर तीन, खाली तीन, आणि उभं पाहिलं तर तीन जोड्या. या उभ्या जोड्या लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे. उरलेला गठ्ठा मध्ये ठेवायचा आणि त्यातला एक पत्ता शेजारी सुलटा टाकायचा. मग प्रत्येकाने आपले कोणतेही दोन पत्ते सुलटे करायचे आणि खेळ सुरू.

आपली पाळी आली की गठ्ठ्यातला पत्ता ओढायचा किंवा शेजारचा टाकलेला उचलायचा. तो आपल्या सहापैकी एकाच्या जागी सुलटा ठेवायचा आणि जुना पत्ता टाकून द्यायचा. गठ्ठ्यातला पत्ता पसंत नसेल तर तसाच टाकता येतो. टाकलेल्यातला उचललात तर मात्र तो लावावाच लागतो. ज्याचे सहाही पत्ते सुलटे झाले त्याने डाव बंद केला. बाकीच्यांना आणखी एकेक पाळी मिळते आणि मग हिशेब.

हिशेब असा. एक्क्याचा १, तिर्रीपासून दश्शीपर्यंत जेवढे ठिपके तेवढे गुण, गुलाम आणि राणीचे १०-१०. राजाचं मात्र शून्य. आणि दुर्री म्हणजे वजा २! एरवी कुणी विचारत नाही ती दुर्री इथे सगळ्यांना हवी असते. शाळेत वजा संख्येला घाबरणारं पोरही दुर्री आली की आपल्या बेरजेतून दोन लगेच कमी करतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय उभ्या जोडीत दोन्ही पत्ते सारखे असतील तर त्या जोडीचं शून्य, मग त्या दोन राण्या का असेनात.

एक डाव डोळ्यांसमोर आणा. तुमच्या डाव्या जोडीत वर राणी सुलटी आहे, खाली पालथा पत्ता. टाकलेल्या पत्त्यांवरही राणीच दिसते आहे. नवखा माणूस तिला हात लावणार नाही, आधीच दहा अंगावर असताना आणखी दहा कोण घेईल? पण तीच राणी उचलून पहिलीच्या खाली ठेवली की अख्खी जोडी शून्यावर आली. आता हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने बघा. तुमच्यानंतर खेळणाऱ्यापुढे गुलाम सुलटा आहे आणि त्याचा जोडीदार अजून पालथा. तुमच्या हातात गठ्ठ्यातून गुलाम आला. तो टाकलात तर तुम्ही त्याला जोडी ताटात वाढून दिलीत. ठेवलात तर तुमच्यावर दहा. इथे खरी घालमेल सुरू होते आणि शेजारचे सगळे सल्ले द्यायला लागतात.

पालथ्या पत्त्याचा धोका किती धरायचा? ५२ पत्त्यांच्या गुणांची सरासरी काढली तर साधारण साडेपाच येते. म्हणजे हातात पंजी किंवा तिच्याखालचा पत्ता आला तर पालथ्याच्या जागी ठेवणं फायद्याचं. छक्की आली तर नुसत्या पालथ्यावर ती घालवू नका, पण पुढे राणी-गुलाम सुलटे असतील तर त्यांच्या जागी खुशाल बसवा. एवढा हिशेब जमला की आठ वर्षांचा मुलगा आणि साठीतले आजोबा जवळजवळ बरोबरीने खेळतात, कारण निम्म्याहून जास्त पत्ते सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतात. मला हा खेळ घरासाठी रमीपेक्षा बरा वाटतो तो याचमुळे. रमीत मुरलेला गडी नवख्याला तासभर रडवू शकतो.

तरीही फार लहान मूल खेळत असेल तर गोल्फमधलीच हँडिकॅपची पद्धत वापरा. तिथे कच्च्या खेळाडूच्या फटक्यांतून ठरावीक फटके वजा करतात. तसे त्याच्या एकूण बेरजेतून दहा-पंधरा गुण आधीच बोलून कमी करा. मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं आणि फार राग येतो.

याच खेळाची चार पत्त्यांची एक जातही आहे. त्यात आपल्याकडचे दोन पत्ते सुरुवातीला एकदाच बघून पुन्हा पालथे ठेवायचे आणि लक्षात ठेवायचे. तिथे पोरं मोठ्यांची भंबेरी उडवतात. नऊ पत्त्यांचीही जात आहे, तीन ओळींची. तिच्यात पत्ते फार पसरतात आणि बेरजाही लांबतात. सहा पत्त्यांचा खेळ शिकून झाल्यावरच तिच्याकडे वळावं.

बंद करण्याची घाई हा सगळ्यांचा आवडता दोष. सहा पत्ते सुलटे झाले खरे, पण बेरीज चौदा, आणि शेवटच्या पाळीत समोरच्याने जोडी जमवून तीनवर आणलं! काही जण यासाठी दंड लावतात. बंद करणाऱ्याचे गुण सर्वांत कमी नसले तर त्याच्यावर आणखी दहा चढवायचे. मी या दंडाच्या बाजूचा आहे, त्याच्यावाचून शेवट मिळमिळीत होतो.

आणि भांडणं हमखास होतात ती दोन गोष्टींवरून. गठ्ठ्यातला पत्ता नको म्हणून टाकला तर आपला एक पालथा पत्ता उलगडायचा की नाही? दोन दुर्र्यांची उभी जोडी जमली तर तिचं शून्य धरायचं की वजा चार? दोन्ही पद्धती रूढ आहेत. कोणती घ्यायची ते पत्ते वाटण्याआधी ठरवा आणि गुणांच्या कागदावर वरच्या बाजूला लिहून ठेवा.

नमस्कार.